युद्धक्रीडा, पटावरील

सैन्यांची रचना, हालचाली, चकमकी व त्यांचे परिणाम यांचे पट, नकाशा, सोंगट्या, फासे व लेखी नियम यांच्या साहाय्याने अनुकरण करणारा बैठा खेळ. त्यात दोन वा अधिक खेळाडू आपापल्या सैन्याचे सेनापती असतात आणि बहुधा एक तटस्थ पंच असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खेळातूनच भूमिकानिर्वाहाचे खेळ हा नवा प्रकार जन्मास आला. त्यात प्रत्येक खेळाडू एखाद्या कल्पित व्यक्तीची भूमिका घेतो व सूत्रधार त्या व्यक्तींपुढे प्रसंग उभे करतो. हे प्रसंग बहुधा अद्‌भुतरम्य अशा कल्पित जगातील असतात. पाचसहा व्यक्तींची साहसे या पद्धतीने सहज रंगविता येतात. परंतु हजारो सैनिकांची लढाई उभी करावयाची झाली, म्हणजे एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. असंख्यांच्या झुंजीत एका व्यक्तीच्या कृतीस किती वजन द्यावयाचे, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर जसे पटाच्या इतिहासात शोधावे लागते, तसेच ते प्रत्यक्ष रणक्षेत्रांच्या इतिहासातही शोधावे लागते. त्या दृष्टीने महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यात रोहिणखेड, साखरखेर्डा व सिंदखेड राजा येथे झालेल्या लढाया उद्‌बोधक असून प्रस्तुत नोंदीत त्यांचा उदाहरणादाखल विचार केला आहे.

भारतीय परंपरा : पटावर सैन्य मांडण्याची कल्पना भारतात प्राचीन आहे. हत्ती, घोडदळ, रथ व पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून ‘चतुरंग’ हे नाव पडले आणि त्याच नावाचा खेळ आठ घरांच्या आठ ओळी असलेल्या ‘अष्टापद’ पटावर खेळला जाई. बाणभट्टाच्या हर्षचरितात (सातवे शतक) या खेळाचा निर्देश आढळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात (बारावे शतक) राजाच्या विनोदांमध्ये त्याचे वर्णन आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ या सतराव्या शतकातील धर्मशास्त्रकारानेही राजनीतीवरील आपल्या लेखनात बुद्धिबळाचा विचार केला आहे. इराणमार्गे हा खेळ पश्चिमेकडे गेला व तेथील ‘शाह’ आणि ‘मात’ हे शब्द ‘शह’ व ‘मात’ या रूपांनी मराठीत रूढ झाले.

बुद्धिबळात सैन्याचे आकारमान लक्षात घेतलेले नसते. एक प्यादे म्हणजे किती शिपाई, हा प्रश्न तेथे निरर्थक ठरतो. परंतु सैन्य मोजण्याची एक सुसूत्र पद्धत प्राचीन ग्रंथांत वेगळी आढळते. तीनुसार एक रथ, एक हत्ती, तीन घोडे व पाच पायदळ मिळून एक ‘पत्ति’ होते. पत्तीच्या तिप्पट सेनामुख, त्याच्या तिप्पट गुल्म आणि याच क्रमाने गण, वाहिनी, पृतना, चमू व अनीकिनी अशी एकके बनतात. दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी होते व तीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ असतात. ही गणना प्रत्यक्ष सैन्यांपेक्षा आदर्श रचनेची आहे, हे उघड आहे. तथापि पटावरील युद्धाच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे, की लढाई जेवढी मोठी तेवढे मोजण्याचे एकक मोठे घ्यावे, हे तत्त्व तीत अनुस्यूत आहे. पत्ति हे एकक धरल्यास एका अक्षौहिणीस २१,८७० सोंगट्या लागतील. वाहिनी धरल्यास २७० आणि चमू धरल्यास केवळ ३० पुरतील.

आधुनिक युद्धक्रीडेचा उदय : बुद्धिबळाच्या पटावर भूमीचे वैशिष्ट्य नसते; सर्व घरे सारखीच असतात. ही उणीव दूर करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न जर्मनीतील ब्रन्सविक येथील योहान हेलविख याने केला. १७८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या खेळात दीड हजारांहून अधिक घरांचा पट असून त्यावर डोंगर, पाणथळ जागा, नद्या व गावे निरनिराळ्या रंगांनी दाखविलेली होती. यापुढील पाऊल प्रशियातील फोन राइसव्हित्स पितापुत्रांनी टाकले. पित्याने १८१२ मध्ये प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख व्हिल्हेल्म याच्यासाठी भूभागाचे सुटे ठोकळे मांडता येतील असे एक मेज तयार केले. लष्करी अधिकारी असलेल्या पुत्राने १८२४ मध्ये त्याचे रूपांतर नकाशावरील खेळात केले. १:८,००० प्रमाणाचे नकाशे, लाल व निळ्या रंगांचे सैन्यदर्शक तुकडे, दोन मिनिटांची एक चाल, हानी ठरविण्यासाठी फासे आणि सर्वांवर देखरेख करणारा पंच अशी त्याची योजना होती. सरसेनाध्यक्ष म्यूफ्लिंग याने या खेळाची शिफारस केल्याने तो प्रशियाच्या सैन्यात प्रसृत झाला.

या खेळाचे खरे वैशिष्ट्य पंचाच्या कार्यात आहे. खेळाडू स्वतः तुकडे हलवीत नसत. ते लेखी हुकूम देत. हुकूम तुकडीपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागेल, याचा हिशोब पंच करी आणि प्रत्येक बाजूस तिच्या टेहळ्यांना जेवढे दिसणे शक्य असेल तेवढेच दाखवी. सेनापतीचे अज्ञान हा युद्धाचा एक घटकच आहे, हे या योजनेने मान्य केले. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने क्लिष्ट कोष्टके बाजूस सारून निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपविण्याचा पुरस्कार केला. नियमांचे बंधन अधिक की पंचाची बुद्धी अधिक, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. राइसव्हित्सच्या नियमांचे इंग्रजी भाषांतर १९८३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर हा खेळ छंद म्हणून पुन्हा खेळला जाऊ लागला.

लष्कराबाहेर युद्धक्रीडेस लोकप्रियता मिळवून देण्यात इंग्रज साहित्यिक एच. जी. वेल्स याच्या लिटल वॉर्स (१९१३) या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. पुस्तक निघाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स याने १९५४ मध्ये टॅक्टिक्स हा पुठ्ठ्याच्या तुकड्यांचा खेळ विक्रीस आणला व पुढे अशा खेळांचा एक व्यवसायच उभा राहिला.

भूमिकानिर्वाहाचे खेळ : अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९६९ च्या सुमारास डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनकालीन युद्धावरील एका खेळात नवा प्रयोग केला. दोन सैन्यांच्या मध्ये सापडलेल्या ‘ब्राउनश्टाइन’ या कल्पित जर्मन गावातील नगराध्यक्षासारख्या व्यक्तींच्या भूमिका त्याने निरनिराळ्या खेळाडूंना दिल्या आणि प्रत्येकाचे उद्दिष्ट वेगळे ठेवले. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन याने ही कल्पना मध्ययुगीन अद्‌भुतरम्य जगात नेली. दरम्यान विस्कॉन्सिन राज्यातील गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांचे चेनमेल हे नियमपुस्तक १९७१ मध्ये निघाले होते. त्यात एक बाहुली म्हणजे वीस सैनिक असे प्रमाण असून पुरवणीत जादूगार, राक्षस व वीरपुरुष यांसंबंधीचे नियम होते. वीरपुरुष चार सैनिकांच्या व महावीर आठ सैनिकांच्या बरोबरीचा मानला जाई. गायगॅक्स व आर्नेसन यांनी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला आणि भूमिकानिर्वाहाच्या खेळांचे युग सुरू झाले.

अशा रीतीने सैन्यांच्या खेळातून व्यक्तींचा खेळ निघाला. परंतु त्या व्यक्ती मोठ्या होऊन राजे वा सेनापती झाल्या, की त्यांना पुन्हा रणांगणावर जावे लागे. व्यक्तींच्या द्वंद्वासाठी केलेले नियम तेथे अपुरे पडत. समजा एका बाजूस १०,००० सैनिक आहेत आणि प्रत्येकाच्या वारासाठी स्वतंत्र फासा टाकावयास दहा सेकंद लागतात. तर त्या बाजूची केवळ एक फेरी पूर्ण होण्यास जवळजवळ २८ तास लागतील. ही अडचण दूर करण्यासाठी तीन प्रमुख पद्धती निघाल्या.

पहिली पद्धत प्रमाणाची होय. तीत एक बाहुली दहा, वीस वा शंभर सैनिकांचे प्रतिनिधित्व करते. १९८५ मध्ये निघालेल्या बॅटलसिस्टिम या नियमसंचात हीच पद्धत होती. दुसरी पद्धत समग्र गणनेची होय. सैन्याची संख्या, शिक्षण, शस्त्रे व नेतृत्व यांचे गुण एकत्र करून प्रत्येक सैन्यास एक अंक दिला जातो व फाशाच्या साहाय्याने दोन अंकांची तुलना करून निकाल लावला जातो. १९८४ मधील वॉर मशीन ही योजना या प्रकारची आहे. तिसऱ्या पद्धतीत लढाई ही पार्श्वभूमी मानली जाते. दोन सैन्यांचा संघर्ष सूत्रधार किंवा सेनापतींचे कौशल्य ठरविते. खेळाडूंच्या व्यक्तिरेखा मात्र आपल्यासमोरील शत्रूशी झुंजतात. आर्थर राजाच्या कथांवरील पेंड्रॅगन (१९८५) या ग्रेग स्टॅफर्डकृत खेळात ही पद्धत दिसते. पहिल्या पद्धतीत रणांगण डोळ्यांपुढे राहते पण वेळ फार लागतो. दुसरीत निकाल झटपट लागतो पण खेळाडू प्रेक्षक होतात. तिसरीत व्यक्तीचा अनुभव जिवंत राहतो, परंतु तिच्या पराक्रमाचा एकूण निकालाशी संबंध तुटण्याचा धोका असतो. कोणती पद्धत योग्य, हे ज्या प्रकारचे सैन्य पटावर मांडावयाचे त्यावर अवलंबून असते. दख्खनमधील जुन्या लढायांचा विचार येथे उपयोगी पडतो.

बुलढाणा जिल्ह्यातील रणक्षेत्रे : बुलढाणा जिल्ह्याच्या मध्यातून अजिंठ्याची डोंगररांग गेलेली आहे. तिच्या उत्तरेस तापीची उपनदी पूर्णा हिच्या खोऱ्यातील सपाट ‘पायनघाट’ व दक्षिणेस ‘बालाघाट’ हा उंच प्रदेश आहे. बालाघाटातून खडकपूर्णा नदी गोदावरीच्या खोऱ्याकडे वाहते. खानदेश, वऱ्हाड व मराठवाडा यांना जोडणाऱ्या वाटा या प्रदेशातून जात असल्याने येथे वेळोवेळी सैन्यांची गाठ पडली.

मोताळा तालुक्यातील रोहिणखेड येथे दोन महत्त्वाच्या लढाया झाल्या. पहिल्या लढाईत, १४३७ मध्ये, बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने वऱ्हाडवर चालून आलेल्या खानदेशच्या नासिरखान फारूकीचा पराभव केला. खलफ हसनने या मोहिमेसाठी परदेशांतून आलेल्या ‘आफाकी’ सैनिकांचीच निवड केली होती. दुसरी लढाई १५९१ मध्ये झाली. अहमदनगरच्या गादीवर अल्पवयीन इस्माइल निजामशाह असून सत्ता जमालखान याच्या हाती होती. इस्माइलचाच पिता बुऱ्हाण याने खानदेशच्या राजा अलीखानाच्या साहाय्याने गादीवर हक्क सांगितला. रोहिणखेडच्या लढाईत जमालखान गोळी लागून ठार झाला आणि त्याच्या सैन्याचा प्रतिकार संपला. इस्माइल पित्याच्या हाती सापडला व बुऱ्हाण निजामशाह गादीवर आला.

या सर्वांत दूरगामी परिणामांची लढाई सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे ऑक्टोबर १७२४ मध्ये झाली. निजामुल्मुल्क हा १७२२ मध्ये मोगल बादशाह मुहम्मदशाह याचा वजीर झाला होता. परंतु दरबारातील कारस्थानांना कंटाळून तो दिल्ली सोडून दक्षिणेत परतला. बादशाहाने दक्षिणेची सुभेदारी हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याच्याकडे दिली व त्याने निजामाचा पाडाव करावा, असे ठरविले. छत्रपती शाहूंचा पेशवा पहिला बाजीराव या वेळी निजामाच्या बाजूने उभा राहिला. १७१९ मध्ये मराठ्यांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या होत्या आणि त्यांची अंमलबजावणी हा मराठ्यांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा विषय होता. साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझखान व त्याचे दोन पुत्र मारले गेले. निजामाने मुबारिझखानाचे शिर बादशाहाकडे पाठविले आणि गावास ‘फतेखेर्डा’ असे नाव दिले. पुढील वर्षी बादशाहाने निजामाची दक्षिणेतील सत्ता मान्य करून त्यास ‘आसफजाह’ हा किताब दिला. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा प्रत्यक्ष आरंभ या लढाईपासून मानला जातो.

लढाई संपली, तरी मोहीम संपली नव्हती. मुबारिझखानाचा एक पुत्र गोवळकोंड्याचा किल्ला काही काळ धरून होता आणि तो वाटाघाटींनी मिळवावा लागला. पुढे चारच वर्षांत निजाम व बाजीराव यांचे वैर उघड झाले. १७२८ मध्ये पालखेड येथे बाजीरावाने मोठी लढाई न देता सततच्या हालचालींनी निजामाला कोंडीत पकडले व मुंगी-शेवगावचा तह करावयास भाग पाडले.

सिंदखेड राजा येथे डिसेंबर १७५७ मध्ये वेगळ्या प्रकारची लढाई झाली. निजामाच्या पक्षातील सरदार रामचंद्र जाधव तेथे मराठ्यांच्या वेढ्यात सापडला होता आणि त्याच्या सुटकेसाठी निजामअली चालून आला. मराठ्यांचे नामधारी नेतृत्व तरुण विश्वासरावाकडे व प्रत्यक्ष सूत्रे दत्ताजी शिंदे याच्याकडे होती. लढाईनंतर झालेल्या तहात मराठ्यांना पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला मिळाला.

पटावरील मांडणी : वरील लढायांवरून मोठ्या युद्धाच्या पटावरील मांडणीसंबंधी काही निष्कर्ष काढता येतात. १५९१ व १७२४ या दोन्ही लढायांत नेत्याचा मृत्यू हाच निर्णायक क्षण ठरला. याचे कारण केवळ शकुनापशकुनाच्या समजुतीत नाही. दख्खनी सैन्ये ही राज्याने कायम पोसलेली एकसंध दले नसून सरदारांच्या पथकांची बनलेली असत. शिपायाची निष्ठा आपल्या पथकप्रमुखाशी आणि पथकप्रमुखाची निष्ठा मुख्य सरदाराशी असे. पगार, इनाम व पुढील आश्रय यांची हमी त्या एका व्यक्तीच्या जिवावर अवलंबून असे. ती व्यक्ती पडली, की लढण्याचे प्रयोजनच संपे. म्हणून सेनापती सर्वांना दिसेल असा हत्तीवर बसे आणि त्यामुळेच तो शत्रूच्या गोळ्यांचे लक्ष्यही होई. राजा पडताच डाव संपणाऱ्या बुद्धिबळात या वस्तुस्थितीचे सूत्ररूप प्रतिबिंब दिसते.

यावरून भूमिकानिर्वाहाच्या खेळातील वीरपुरुषास दिलेले मोठे वजन ही निव्वळ अद्‌भुतरम्य कल्पना नव्हे, हे स्पष्ट होते. मात्र ते वजन योग्य ठिकाणी दिले पाहिजे. चेनमेलप्रमाणे वीरपुरुष चार किंवा आठ सैनिकांइतका धरल्यास त्याची तलवार मोजली जाते. मुबारिझखानाच्या मृत्यूने मात्र चारआठ तलवारी कमी झाल्या नाहीत. संपूर्ण सैन्याला एकत्र ठेवणारा दुवा तुटला. म्हणून नेत्याचे मूल्य हानीच्या कोष्टकात न धरता मनोधैर्याच्या कोष्टकात धरणे अधिक यथार्थ ठरते. उदा., साखरखेर्ड्याची लढाई मांडताना प्रत्येक बाजूची पथके शंभर सैनिकांच्या सोंगट्यांनी दाखवावी, प्रत्येक पथकास त्याच्या सरदाराचे नाव जोडावे आणि मुख्य सेनापती पडल्यास सर्व पथकांची एकाच वेळी मनोधैर्याची कसोटी घ्यावी. ज्या पथकाचा सरदार जवळ व जिवंत असेल, ते टिकण्याची शक्यता अधिक ठेवावी. असे केल्यास खेळाडूने आपल्या व्यक्तिरेखेला धोक्यात घालावे की मागे ठेवावे, हा खऱ्या सेनापतीपुढील पेच त्याच्यापुढेही उभा राहतो.

दुसरा निष्कर्ष सैन्याच्या गुणवत्तेविषयी आहे. १४३७ मध्ये खलफ हसनने सैन्य निवडून घेतले. केवळ डोकी मोजणाऱ्या नियमांत अशा निवडीस स्थान राहत नाही. म्हणून पथकांचे शिक्षण व परस्परविश्वास यांना संख्येइतकेच महत्त्व द्यावे लागते. तिसरा निष्कर्ष उद्दिष्टांविषयी आहे. साखरखेर्ड्याच्या पटावर दोन नव्हे, तर तीन पक्ष आहेत. निजामाला दक्षिणेत टिकावयाचे होते, मुबारिझखानाला बादशाही फर्मान अंमलात आणावयाचे होते आणि बाजीरावाला मराठ्यांचे हक्क दृढ करावयाचे होते. बाजीराव निजामाचा साहाय्यक असला, तरी त्याचे हित निजामाच्या हिताशी एकरूप नव्हते, हे पालखेडने दाखवून दिले. वेस्लीच्या ब्राउनश्टाइनप्रमाणे अशा खेळाडूस स्वतंत्र व गुप्त उद्दिष्ट दिल्याखेरीज ही लढाई समजत नाही.

चौथा निष्कर्ष काळ व अवकाश यांविषयी आहे. सिंदखेडचा वेढा मांडताना खरा प्रतिस्पर्धी वेळ हा असतो. सुटकेची फौज येण्यापूर्वी वेढ्यातील सैन्य शरण जाते की नाही, हे दिवसांच्या मोजणीवर ठरते. पालखेडसारखी मोहीम तर मेजावर मांडताच येत नाही. तिचे सारे मर्म दोन सैन्यांची गाठ पडण्यापूर्वीच्या मजलांत आहे. तिच्यासाठी राइसव्हित्सच्या पद्धतीचा नकाशा, गुप्त हालचाली व पंच हीच साधने हवीत. रणांगणासाठी मेज, मोहिमेसाठी नकाशा व दरबारासाठी भूमिका अशी त्रिविध योजना केल्यास अठराव्या शतकातील दख्खनचे युद्ध बऱ्याच अंशी आकलनाच्या कक्षेत येते.

पंचाची जबाबदारी व खेळाच्या मर्यादा : युद्धक्रीडेचे मूल्य शेवटी पंचाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. याचे प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. मिडवे बेटावरील मोहिमेची पूर्वतयारी म्हणून जपानी नौदलाने मे १९४२ मध्ये यामातो या युद्धनौकेवर युद्धक्रीडा खेळविली. अमेरिकन विमानांचे नऊ बाँब जपानी विमानवाहू नौकांवर अचूक पडल्याचा निकाल फाशांनी दिला. प्रमुख पंच असलेल्या ॲड्‌मिरल उगाकी याने ती संख्या तीनवर आणली आणि बुडालेली म्हणून ठरलेली एक नौका पुढील टप्प्यात पुन्हा खेळात घेण्यात आली. पुढील महिन्यात प्रत्यक्ष लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. पट चुकला नव्हता. त्याने सांगितलेले ऐकले गेले नाही. सूत्रधाराने आपल्या आवडीच्या शेवटाकडे फासे वळविण्याचा मोह टाळावा, हा धडा छंद म्हणून खेळणाऱ्यांनाही तितकाच लागू पडतो. खेळाडूंचा पराभव होण्याची खरी शक्यता नसेल, तर त्यांच्या निर्णयांना अर्थ उरत नाही.

तथापि उत्तम पंच व उत्तम नियम असूनही काही गोष्टी पटावर येत नाहीत. सोंगटी वीस वा शंभर शिपायांची असते. तिला नाव नसते. खेळ संपल्यावर पडलेल्या सोंगट्या पेटीत ठेवल्या जातात व दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडल्या जातात. साखरखेर्ड्याच्या लढाईतील सेनापतींची व सरदारांची नावे इतिहासाने जपली. ज्यांच्या शेतांतून ती सैन्ये गेली त्या शेतकऱ्यांची आणि पथकांतील बहुसंख्य शिपायांची नावे मात्र त्यानेही पटाप्रमाणेच गाळली आहेत. इतिहास व खेळ या दोघांचीही ही समान उणीव आहे. भूमिकानिर्वाहाचा खेळ ती अंशतः भरून काढू शकतो. कारण त्यात सेनापतीऐवजी माहुताची, जासुदाची किंवा गावच्या पाटलाची भूमिकाही घेता येते आणि तीच लढाई त्याच्या नजरेतून पाहता येते.

निजामाने विजयाच्या स्मरणार्थ दिलेले फतेखेर्डा हे नाव लोकव्यवहारात टिकले नाही. गाव आज साखरखेर्डा याच नावाने ओळखले जाते.